तेवीस शटरं

"सुनयना, दार उघड. मी हाव, देवानंद."

सहा वाजायला आले होते. मी केरसुणी हातात घेऊनच दार उघडलं. देवानंद मिस्त्री पायरीवर उभा होता. एका हातात ग्रीसचा डबा, दुसऱ्या हातात शटर ओढायचा लोखंडी आकडा, आणि अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. आज पेठेची पाहणी, तर सगळ्यांनी पांढरा शर्टच घालायचा, असं कापडवाल्या यशवंतरावांनी फर्मान काढलं होतं.

"एवढ्या लवकर काऊन आले भाऊ? मॅडम तं अकराले येनार ना?"

"मनकर्णा गेली," तो म्हणाला. "साडेचारले पानी मांगतलं तिनं. दोन चमचे पेली. तिसरा बाहेर आला."

मी "अवं माय" म्हणून केरसुणी भिंतीला टेकवली. मनकर्णावैनी, देवानंदची बायको, दोन वर्षं आजारी होत्या, आठवड्यातून दोनदा आदिलाबादला नेऊन त्यांचं रक्त मशीनवर धुवावं लागायचं, कधी ना कधी हे होणारच होतं. पण मनाला असलं शहाणपण कुठं चालतं? मी पदर खोचला आणि चपला शोधायला लागले.

"कुठी चालली?"

"कुठी म्हंजे? तुमच्या घरी. अन् पेठेत सांगाव लागंन ना."

"तेच सांगाले आलो. कोणाले सांगू नोको."

मी त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिले. त्याचे डोळे लाल होते, पण आवाज असा, की जणू स्प्रिंग तुटल्याची तक्रार ऐकून घेतोय.

"पेठ बंद होईन, सुनयना. आज पेठ बंद झाली का मॅडमचा मुआयना बोंबलला. मंग तिची बाथरूम बी गेली. ती आता कुठी पळून चालली? तिले पाच-सहा घंटे थांबता येते. मॅडम थांबनार नाई." त्यानं ग्रीसचा डबा पायरीवर ठेवला. "शेजारची द्वारकाकाकी बसली हाय तिच्यापाशी. लेकीले फोन केला, तेजीले. ती वणीवरून निघाली, दुपार होईनच तिले. तिच्याबिगर तसंबी उचलता येत नाई. तुले सांगतलं ते याच्यासाठी, का दिवसभर मले एकट्याले झेपनार नाई हे."

मी नाही म्हणायला हवं होतं. आज वर्ष होत आलं, पण रोज सकाळी झेरॉक्सचं दुकान उघडताना हेच मनात येतं. त्या वेळी मी एवढंच म्हणाले, "बरं भाऊ."

आता आमच्या निंबगावच्या पेठेची रीत सांगितल्याशिवाय तुम्हाला हे कळायचं नाही. पेठेत कोणी गेलं की पहिलं शटर त्याच्या दुकानाचं पडतं, नाहीतर घराच्या सगळ्यात जवळच्या दुकानाचं. त्याचा धडाड आवाज ऐकून शेजारचं पडतं, मग त्याच्या शेजारचं. असे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आवाज जातात. मागच्या गल्लीतल्या बायका तो आवाज ऐकला की गॅस बंद करतात आणि पदर डोक्यावर घेऊन बाहेर येतात. कोण गेलं ते मग विचारतात. आता सगळ्यांकडे फोन आहेत, पेठेचा ग्रुपही आहे, पण म्हाताऱ्या बायकांचा भरवसा अजून शटरवरच. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पेठ उघडत नाही. कोरोनात दोन तासच दुकानं उघडायची परवानगी होती, त्या दोन तासांतही कोणी गेलं तर शटरं पडली. भांडकुदळ गेला तरी पडली आणि ज्यानं अख्ख्या पेठेला फसवलं तो गेला तेव्हाही पडली.

मनकर्णावैनी ते आवाज मोजायच्या. त्यांचं बांगड्यांचं दुकान पेठेच्या मधोमध. बांगड्या, कुंकू, फण्या, केसांच्या पिना. लग्न होऊन आल्या तेव्हा देवानंदनं स्वतःच्या हातानं पहिलं शटर बनवलं ते त्यांच्या दुकानाचं. त्या काळी एकेचाळीस दुकानं होती आणि एकेचाळीस आवाज व्हायचे. मग बायपास झाला. बस बाहेरूनच जायला लागली, आठवडी बाजार बायपासच्या कडेला जाऊन बसला, आणि पेठेतली शटरं एकेक करून पडली ती परत वर गेलीच नाहीत. वैनी जायच्या वर्षभर आधी रामाजी न्हावी गेला तेव्हा त्या माझ्या दुकानात बसल्या होत्या. शेवटचा आवाज झाल्यावर म्हणाल्या, "अठराच वाजले वं सुनयना. माह्या टायमाले किती वाजतीन?"

मी म्हणाले, "काई बी बोलता वैनी."

आणि देवानंद! पेठ मरत होती तेव्हा सगळ्यात आधी ते कळलं त्याला. शटर रोज वर-खाली झालं तरच मिस्त्रीला काम. बंद शटराला कोण ग्रीस लावतो? तीस वर्षं त्याला डोळे मिटून सांगता यायचं की हे शटर कोणाचं, स्प्रिंग कुठं ढिली आहे, पट्टी कुठं वाकली आहे. त्याच्या हाताखाली अठरा उरली. तो त्या अठराचीच काळजी घेत फिरायचा, कोणी बोलावलं नाही तरी.

त्यात ती योजना आली. हैदराबादची एक संस्था बंद पडत चाललेल्या पेठांना पैसे देणार होती. अट अशी, की गावानंच ठरवायचं काय हवं, गावानंच करायचं, कंत्राटदार मध्ये नको. दरखास्त तेलुगूत आणि इंग्रजीत. ती भरायची कोणी? तर झेरॉक्सवालीनं. समिती झाली. कापडवाले यशवंतराव अध्यक्ष, मी सचिव, आणि देवानंद नुसताच सगळीकडे हजर. प्रत्येक दुकानदारानं एकेक गोष्ट सांगायची होती. कोणी दिवे सांगितले, कोणी नाली, कोणी बस परत पेठेतून आणा म्हणालं. मनकर्णावैनींना मी घरी जाऊन विचारलं. त्या खाटेवर पडून होत्या, हातावर सुयांच्या गाठी.

"बायकायसाठी बाथरूम लिव," त्या म्हणाल्या. "पैला नंबर तोच लिव. तीस वर्स बसली म्या पेठेत. सकाळी घरून निघाली का संध्याकाळपर्यंत पान्याचा घोट नाई. पेलं तर जाव कुठी? डाक्टर मले म्हने, तुमी पानी कमी पेत होत्या का? आता काय सांगू त्याले बाप्पा?"

मी पहिला नंबर तोच लिहिला. देवानंद दारात उभा होता. दुसऱ्या दिवसापासून ही योजना त्याच्या डोक्यात अशी शिरली की विचारू नका. बाथरूमची जागा त्यानं स्वतः मोजली, दोरी लावली, चुन्यानं रेघ मारली. बायकोला फोनवर त्या रेघेचा फोटो दाखवला. ती हसली म्हणे.

दरखास्त पहिल्या छाननीत पास झाली. मग पत्र आलं, की अमुक तारखेला आमच्या मॅडम पाहणीला येतील. पत्रात खाली एक ओळ होती, पेठ जशी आहे तशीच दाखवावी. मी ती ओळ बैठकीत मोठ्यानं वाचली. देवाशपथ सांगते, वाचली.

यशवंतराव हसले. सत्तरीचा माणूस, पेठेत त्यांच्या शब्दाला मान. "असं लिहाच लागते त्यायले. लग्नाच्या पत्रिकेत बी छापतेत ना, आहेर आनू नये म्हनून? मंग का कोणी खाली हातानं जाते का? अवं, पोरगी पाहाले पावने येतेत तवा आपन तिले फाटक्या लुगड्यात बसवतो का? पेठ उघडी दिसली पायजे. एकेचाळीसच्या एकेचाळीस."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. फॉर्मवर 'बंद दुकानं : तेवीस' हे मी माझ्याच हातानं लिहिलं होतं, तरी डोलावली. पाहुणे येणार म्हटलं की आपल्या लोकांची अक्कल अशी चुलीत जाते.

मग देवानंदनं दोन महिने ती तेवीस शटरं उघडली. कोणाची किल्ली किनवटला, कोणाची आदिलाबादला, कोणाची किल्लीच हरवलेली. गंजून दगड झालेली शटरं ती. रॉकेल टाकायचं, रात्रभर भिजू द्यायचं, सकाळी लाकडानं ठोकायचं, पट्टी बदलायची. एक शटर उघडलं तर आतून वटवाघळं निघाली, दुसऱ्यात जुन्या पंचांगांचा गठ्ठा. पैसे घेतले नाहीत. कोणी दिलेही नाहीत म्हणा. आणि मग यशवंतराव म्हणाले की मॅडमपुढे शटरांचा कराकरा आवाज बरा दिसत नाही. तेव्हा त्यानं एकेचाळीसच्या एकेचाळीस शटरांच्या खाचांत ग्रीस भरलं. बोटानं नुसतं टेकवलं तरी शटर लोण्यासारखं सरकायचं. मला बोलावून त्यानं ते दाखवलं होतं. "पाय, आवाज तरी येते का?" म्हणाला होता.

तर त्या दिवशी सकाळी सात वाजता देवानंदनं एकेक शटर वर करायला सुरुवात केली. मी त्याच्या मागे किल्ल्यांचा जुडगा घेऊन. एकही आवाज झाला नाही. पेठ कशी गुपचूप जागी झाली. बाहेरगावी गेलेले जुने मालक सकाळच्या बसनं आले. आतमध्ये माल काय ठेवायचा? तर यशवंतरावांच्या दुकानातली कापडाची थानं चार दुकानांत वाटली, रिकामे खोके मांडले, किराण्याच्या दोन दुकानांतून पाच दुकानांचा किराणा केला. झेंडूच्या माळा लावल्या. मी दर थोड्या वेळानं देवानंदकडे पाहायचे. तो शिडीवर चढायचा, उतरायचा, कोणी हाक मारली की जायचा. एकदा मात्र तो पेठेच्या मागे गेला आणि बराच वेळ आला नाही. मी पाहायला गेले, तर चुन्याच्या रेघेपाशी उकिडवा बसला होता.

"भाऊ, सांगून टाकू का? अजून बी येळ गेली नाई."

"नाई." तो उठला. "रेघ पुसली गेली होती जराकशी. नीट केली."

दहा वाजता यशवंतराव बांगड्यांच्या दुकानासमोर थांबले. "देवा, मनकर्णाले घेऊन ये ना घंटाभर. बाई दुकानदार दिसली तं मॅडमले चांगलं वाटीन. खुर्चीवर उशी टाकू."

मला वाटलं, आता देवानंद फुटतो. तो ग्रीसच्या डब्याचं झाकण लावत, काढत राहिला.

"तिले बरं नाई," तो शेवटी म्हणाला.

"मंग सुनयनाले बसव. रिकामं दुकान बरं दिसत नाई."

आणि मी बसले. काय सांगू तुम्हाला! ज्या बाईचं प्रेत तीन घरं पलीकडे पडलं होतं, तिच्या पाटावर मी पांढरी साडी नेसून बसले, समोर तिच्या बांगड्यांच्या माळा. पाटाशेजारी तिचा स्टीलचा ग्लास होता, उपडा. तीस वर्षं तो तसाच उपडा असायचा, संध्याकाळी घरी जाताना सुद्धा. मला तहान लागली होती. मी पाणी प्यायले नाही, कारण प्यायलं तर जायचं कुठं?

अकरा वाजले. बारा वाजले. दीड वाजला. द्वारकाकाकीनं दोनदा नातवाच्या फोनवरून मिस कॉल दिला. उन्हाळा सुरू झाला होता, आणि मला घरात पडलेल्या वैनींचा विचार करवेना. मॅडमची गाडी दोन वाजून वीस मिनिटांनी आली.

मॅडम तरुण होती, पायात साधी चप्पल. उशीर झाला म्हणून आधी माफी मागितली. हातात टॅब. तिनं पेठेच्या वरच्या टोकापासून चालायला सुरुवात केली, प्रत्येक दुकानासमोर थांबून फोटो काढायची आणि बोटानं काहीतरी दाबायची. यशवंतराव बरोबर, मागे सगळे पांढरे शर्ट. माझ्या दुकानापाशी, म्हणजे वैनींच्या दुकानापाशी, ती थांबली. कपाळाला आठी.

"फॉर्म में तो तेईस दुकानें बंद लिखी हैं. मुझे तो एक भी बंद नहीं दिखी."

यशवंतरावांची छाती फुगली. "सब खुली है मॅडम. एकदम चालू पेठ है हमारी."

"ये तो बहुत अच्छी बात है," ती म्हणाली, आणि खरंच तिला आनंद झाल्यासारखा वाटला. "लेकिन ये पैसा तो उन बाज़ारों के लिए है जो बंद पड़ गए हैं. जितनी ज़्यादा दुकानें बंद, उतने ज़्यादा नंबर."

मागचे पांढरे शर्ट एकमेकांकडे पाहायला लागले.

"बंदच है मॅडम!" यशवंतराव एकदम बोलले. "ये तो आज के लिये खोले. आपके लिये. वो देखो, डब्बे सब खाली है."

त्यांनी शेजारच्या दुकानातला एक खोका उचलून उलटा करून दाखवला. त्या सत्तर वर्षांच्या माणसाला तसं करताना पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडम ओशाळली. "अंकल, मैं क्या लिखूँ? मैं तो वही लिख सकती हूँ जो दिखा. हमने चिट्ठी में लिखा था ना, जैसा है वैसा दिखाइए?"

तेव्हा देवानंद पुढे आला. आकडा हातात. "मॅडम, पाच मिनिट रुको. मैं सब बंद कर देता. पाच मिनिट में. फिर फोटो निकालो."

"फोटो तो चले गए, भैया," ती हळूच म्हणाली. "ये सीधे हैदराबाद जाते हैं."

नेमक्या त्याच वेळी बायपासकडून एक ऑटो आला आणि त्यातून तेजस्विनी उतरली. देवानंदची एकुलती एक पोर. रडून डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, पण चेहऱ्यावर हसू. गर्दीतून वाट काढत ती धावतच आली.

"बाबा! आई हाय ना? म्या मोडावरूनच पाह्यलं, सारे शटर वर! ऑटोवाल्याले म्हटलं, फोन चुकला व्हयीन बाबायचा, घाबरले असतीन. पेठ उघडी हाय म्हंजे..."

मग तिचं लक्ष दुकानात गेलं. आईच्या पाटावर मी बसलेली.

"मावशी," ती म्हणाली, "तुमी काऊन बसल्या इथी?"

मी उठून उभी राहिले, एवढंच. तेवढ्यानं तिला कळलं. तिचं हसू लगेच गेलं नाही, बराच वेळ तोंडावर तसंच राहिलं, आणि ते पाहणं फार वाईट होतं. मग ती वळली आणि बापाकडे न पाहता घराच्या दिशेनं चालायला लागली. धावली नाही.

"क्या हुआ?" मॅडमनं विचारलं.

"मेरी घरवाली गुजर गई," देवानंद म्हणाला. "सुबे साडेचार बजे."

"सुबह? और आप सुबह से यहाँ..."

"हमारे इधर कोई गुजरा तो पेठ बंद रखते. पूरी. इसलिये किसी को बोला नहीं."

यशवंतरावांनी हातातला खोका खाली ठेवला. "देवा," ते म्हणाले, "अरे देवा, हे काय केलं तू?"

देवानंद त्यांच्याकडे पाहत नव्हता. तो पेठेकडे पाहत होता, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, त्या झेंडूच्या माळांकडे. हिशेब त्याच्या डोक्यात आत्ताच लागत होता, आणि तो लागताना आम्हा सगळ्यांना दिसत होता.

"म्हंजे रीतीनं केलं असतं," तो सावकाश म्हणाला, "तं मॅडमले एकेचाळीस बंद दिसले असते."

मागचे लोकही त्या माळांकडे पाहायला लागले.

मॅडमनं हात जोडले. पुढच्या वर्षी परत भरा, मी स्वतः मदत करीन, म्हणाली. माझा नंबर घेतला. तिचा दोष नव्हता हो, आणि तेच मला जास्त लागलं. कोणाला शिव्या द्यायलाही जागा नव्हती. गाडी गेली आणि बाहेरगावचे मालक घड्याळं पाहायला लागले. चारची बस होती. "मिस्त्री, तुह्या घरी असं झालं, वाईट झालं," म्हणत एकेक जण सटकला. किल्ल्या सगळ्या माझ्याकडेच होत्या. जाताना एकानं झेंडूची माळ काढून पिशवीत घातली, घरच्या देवाला होईल म्हणून.

मी देवानंदच्या घरी गेले. वैनींना आंघोळ घातली होती, हिरवं लुगडं नेसवलं होतं. द्वारकाकाकी म्हणाल्या, हात भरून बांगड्या घालायच्या आहेत, तर मी दुकानातून घेऊन आले. हात सुजलेले असल्यामुळे त्यांच्याच दुकानातली एकही बांगडी चढेना. शेवटी साबण लावून दोन-दोन घातल्या. तेजस्विनी पायाशी बसून होती. बाप आत आला तेव्हा तिनं एकच विचारलं.

"बाबा, आईचं शटर तुमीच वर केलं?"

"हाव," तो म्हणाला.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. आजही फोन करते तो मला करते.

पाच वाजता तिरडी बांधून झाली. घरासमोर जेमतेम बारा-तेरा माणसं होती, मॅडमच्या मागे फिरत होती तीच. यशवंतराव म्हणाले, "आता तरी रीत करू, देवा. मी सांगतो सगळ्यायले, शटर लावा म्हनून."

"सांगायचं नसते," देवानंद म्हणाला. "ऐकू येते. मी तिचं लावतो. मंग बाकीचे लावतीन."

खरंच होतं ते. रीत सांगून होत नाही. पहिलं वाजतं, तेव्हा दुसरा ऐकतो. दोघंतिघं त्याच्याबरोबर निघाले, मीही निघाले. बांगड्यांच्या दुकानासमोर तो उभा राहिला. मी वैनींचा पाट आत सरकवला, ग्लास उपडाच होता, तसाच ठेवला. त्यानं आकडा वर घातला आणि शटर ओढलं.

शटर खाली आलं. जमिनीला टेकलं. झोपलेल्या लेकराला पाळण्यात ठेवावं, इतकाच आवाज झाला.

आम्ही थांबलो. शेजारच्या दुकानात पोरगा मोबाइलवर काहीतरी पाहत होता, त्यानं मान वर केली नाही. त्याच्या पलीकडे किराणावाला संतोष वजनकाटा पुसत होता. मागच्या गल्लीतून कुकरची शिटी ऐकू आली. कोणाच्या घरात तरी टीव्ही चालू होता. वैनी गेल्याचं कानावर आलं असलं तरी आवाज आल्याशिवाय शटर कोणी ओढत नाही, आणि वरच्या टोकाला तर काही कळायचं कारणच नव्हतं.

देवानंदनं शटर परत वर केलं. आता जोरात ओढलं, अंगातला सगळा जोर लावून. ते सरसर खाली आलं आणि टेकताना तेवढंच हळू टेकलं. किती छान काम केलं होतं त्यानं! तिसऱ्यांदा वर केलं, वरून सोडूनच दिलं. नाही वाजलं.

"जाऊ द्या भाऊ," मी म्हणाले. "मी ग्रुपवर टाकते. संतोषले हाक मारते."

"नोको. थांब."

तो खाली बसला. शटराची डावीकडची खाच, जिच्यात त्यानं बोटानं ग्रीस भरलं होतं, ती त्यानं बोटानंच उकरायला सुरुवात केली. काळं ग्रीस निघायचं, ते तो पायरीला पुसायचा. बोटं पुरेनात तेव्हा त्यानं पांढरा शर्ट काढला, त्याची बाही आकड्याच्या टोकाला गुंडाळली आणि खाचेत घालून वरपासून खालपर्यंत घासायला लागला. छातीची हाडं दिसत होती. शर्ट काळा झाला. ऊन पेठेच्या भिंतीवर चढत होतं, तिकडे तिरडी थांबली होती.

"तिले मोजाची सवय हाय," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "तिचं तरी वाजलं पायजे, सुनयना. एक तरी. आजून जराकसं पुसलं का वाजीन."

मी त्याच्या शेजारी खाली बसले, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि उजवीकडची खाच पुसायला घेतली.